अटकेपार तंबोरा

मराठी माणसाला अटकेचे कौतुक फार. घरातल्या पोराने परीक्षेत पहिला नंबर मिळवला तरी आपण म्हणतो, ‘अटकेपार झेंडा लावलास की रे!’ मी ज्या डोंगरावर राहतो त्या वाडी रत्नागिरीवर, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, तर या अभिमानाला अधिकच धार आहे. जोतिबा हे शिंद्यांचे कुलदैवत. आज यात्रेकरू ज्याच्या शिखरावर गुलाल उधळतात ते केदारनाथाचे देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधले, आणि शेजारचे केदारेश्वराचे देऊळ १८०८ मध्ये दौलतराव शिंद्यांनी. राघोबादादांच्या स्वारीत १७५८ साली मराठी फौज लाहोर ओलांडून सिंधूकाठच्या अटकेला पोचली, तेव्हा तिच्या सरदारांतही एक शिंदे होते: साबाजी शिंदे.

पण वाचकहो, त्या झेंड्याचे पुढे काय झाले हे आपण सणासुदीला सहसा बोलत नाही. १७५९ सरता सरता अब्दाली पुन्हा उतरला, ठाणी उठली, आणि एक वर्ष मध्ये टाकून पानिपत झाले. झेंडा दीड-दोन वर्षांत परतला. मात्र त्यानंतर दीडशे वर्षांनी याच मुलखातून एक दुसरी वस्तू लाहोरास गेली आणि ती अजून परतलेली नाही. ती वस्तू म्हणजे तंबोरा. आज ज्याला आपण पाकिस्तान म्हणतो त्या देशाच्या गाण्याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत, ते या तंबोऱ्याच्या नात्याने.

हे नाते ओढूनताणून आणलेले नव्हे. शिंदे उत्तरेत गेले, ग्वाल्हेरला त्यांची राजधानी झाली, आणि दौलतराव, जनकोजी, जयाजीराव यांच्या काळी त्या दरबारात हद्दूखां आणि हस्सूखां यांनी ख्यालगायकीला जे रूप दिले तेच पुढे ग्वाल्हेर घराणे म्हणून नावारूपास आले. हस्सूखांच्या परंपरेतले वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ती विद्या इचलकरंजीजवळच्या चंदूरचे बाळकृष्णबुवा मोठ्या कष्टाने घेऊन दक्षिणेत आले. मिरजेस त्यांच्या हाताखाली कुरुंदवाडचा एक मुलगा येऊन राहिला. दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका उडून त्या पोराच्या डोळ्यांना इजा झाली होती. शाळेचे शिक्षण संपले, तेव्हा गाणे तरी शिकावे म्हणून त्याला मिरजेस धाडले. हेच विष्णु दिगंबर पलुसकर. यंदाच्या दिवाळीतही मुलांच्या हातात फटाके देताना आईबापांनी जपावे. प्रत्येक दुर्दैवाच्या पोटी पलुसकर निपजत नाहीत.

१९०१ च्या मे महिन्यात पलुसकरांनी गांधर्व महाविद्यालय काढले, ते पुण्यात नव्हे, मुंबईत नव्हे, लाहोरात. गाणे हे कुणा खांसाहेबांच्या मर्जीवर न राहता शाळेत बसून, पाटीवर लिहून, कुलीन घरच्या मुलामुलींना शिकता यावे, ही कल्पना त्या काळी आपल्याकडेही नवीच होती. ती प्रथम रुजली रावीच्या काठी. हा पहिला तंबोरा.

दुसरा तंबोरा याच्या अगोदरच कोल्हापुरात तयार होत होता. उत्तरेतल्या कैराण्याचा अब्दुल वहीद नावाचा मुलगा बारा-तेरा वर्षांचा असताना कोल्हापुरास आला आणि बंदे अलीखां बीनकारांचे शिष्य लंगडे हैदरबक्ष यांच्यापाशी गाणे आणि बीन शिकला. कानाने कमी ऐकू येई म्हणून पुढे त्यांना ‘बहिरे वहीदखां’ म्हणत. विलंबित ख्याल इतक्या संथपणे, एकेक स्वर उलटसुलट फिरवून, जणू सोनाराने मोती पारखावा तसा मांडण्याची त्यांची रीत अमीरखांसारख्या गवयालाही मोहवून गेली. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने यांनी त्यांची तालीम घेतली. हे वहीदखां नंतर लाहोरास राहिले, तेथल्या आकाशवाणी केंद्रावर गायिले, आणि फिरोज निजामींसारखे शिष्य त्यांनी तेथे तयार केले.

तिसरा तंबोरा मिरजेचा. अब्दुल करीमखांसाहेब कैराण्याचे, पण त्यांची कर्मभूमी आणि अखेरची माती मिरजेची. मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी तेथे त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. १९३७ मध्ये खांसाहेब गेले. त्यांच्या नात्यातली आणि तालमीतली एक तरुण मुलगी तोपर्यंत मुंबईत नाव काढू लागली होती. ती रोशन आरा बेगम. मुंबईत तयार झालेल्या, १९४७ सालच्या ‘जुगनू’ या बोलपटाला संगीत फिरोज निजामींचे होते आणि त्यात एक गाणे रोशन आरांचे. कोल्हापूरच्या तालमीची शाखा आणि मिरजेच्या तालमीची शाखा त्या चित्रपटात अशा एका जागी आल्या. पुढे लवकरच दोन्ही शाखा सीमेपलीकडे गेल्या. १९४८ मध्ये रोशन आरा बेगम पतीबरोबर पाकिस्तानात गेल्या आणि लाहोरहून रावळपिंडीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरच्या लालामुसा या लहान गावी त्यांनी संसार थाटला. १९८२ मध्ये त्यांचा अंत झाला तोवर तेच त्यांचे गाव राहिले.

त्या गेल्या म्हणून किराणा घराण्याचे नुकसान झाले, असे आपल्याकडचे जुने रसिक हळहळत. मला ते पूर्णपणे पटत नाही. बाईंच्या ज्या तबकड्या आणि ध्वनिमुद्रणे आज ऐकावयास मिळतात ती शांतपणे ऐकली म्हणजे असे वाटते की, मिरजेचे गाणे पंजाबात जाऊन हरवले नाही. त्याला तेथे एक हाड मिळाले.

किराण्याच्या गाण्यावर आपल्याकडे एक जुना आक्षेप आहे. स्वर गोड, आलापी भावपूर्ण, पण लयीची मौज कमी आणि तानेला वजन नाही, असा. खुद्द करीमखांसाहेबांच्या गाण्याला तो लागू पडतो की नाही हा वाद मी येथे उकरून काढत नाही. परंतु रोशन आरा बेगम यांचा केदार ऐकावा. केदार हा दिसायला सोपा आणि सांभाळायला कठीण राग. षड्जावरून एकदम मध्यमावर उडी घ्यायची आणि त्या शुद्ध मध्यमावर आसन मांडून बसायचे, तीव्र मध्यमाला केवळ पंचमाच्या आडून डोकावू द्यायचे, आणि गंधाराला तर नुसते झाकून न्यायचे. सामान्य गवई येथे घाई करतो. बाई करीत नाहीत. त्या मध्यमावर येतात ते देवळाच्या पायऱ्या उतरून गाभाऱ्यासमोर क्षणभर थांबावे तशा. हा थांबण्याचा गुण मिरजेचा. मग लय वाढते, आणि तीनही सप्तकांतून एकेक दाणा वेगळा असलेली जी तान सुटते, तिचा जोर मिरजेच्या स्वभावातला नव्हे. ती निराळ्या पाण्यावर पोसलेली आहे. त्यांच्या शंकऱ्यात तर ही तान इतकी निर्धास्त असते की किराण्याचा टीकाकार तेथेच गप्प बसावा.

हिराबाईंशी तुलना अटळ आहे, म्हणून ती करून टाकतो. हिराबाईंचे गाणे तुळशीपाशी लावलेल्या निरांजनासारखे. वारा आला तरी ज्योत हलते, विझत नाही. रोशन आरा बेगम यांचे गाणे दिवाळीच्या रात्रीच्या रोषणाईसारखे आहे. दोघींचे तेल एकाच घाणीचे. दोषही सांगितला पाहिजे, कारण ही आरती नव्हे, परीक्षण आहे. कधीकधी बाई आपल्या तानेच्या तयारीला वश होतात. रागाचा रंग नुकता कोठे चढू लागतो आणि सरगमांची आणि तानांची झड लागते. श्रोता थक्क होतो, पण त्याचे मन मागे त्या आलापाशीच रेंगाळत राहते. हिराबाईंनी हे कधी केले नसते. उलट, हिराबाई ज्या उंबरठ्यावर मर्यादेने थांबत तो उंबरठा रोशन आरा बेगम यांनी ओलांडला, हेही तितकेच खरे.

हा केदार एकदा मी घरी लावला होता. शेजारचे वयोवृद्ध गुरव ओट्यावर पान जुळवीत बसले होते. देवाची पूजा आणि दरसाल मिरजेच्या उरुसातले गाणे, हे दोन नेम त्यांनी जन्मभर पाळले आहेत. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले,

“हे मिरजंचंच गाणं की हो मास्तर. कोण बाई म्हनायच्या ह्या?”

मी सांगितले, “काका, या पाकिस्तानातल्या. लालामुसा म्हणून गाव आहे.”

“ते कुठं आलं म्हनायचं?”

“लाहोरच्या पुढे. अटकेच्या वाटेवर.”

काकांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले आणि म्हणाले, “मग आपल्या शिंद्यांच्याच वाटंवर म्हना की.” आणि पुन्हा ऐकू लागले.

पाकिस्तानच्या संस्कृतीविषयी आपल्याकडे दोन मते आढळतात आणि दोन्ही मला सारखीच उथळ वाटतात. एक मत असे की, त्यांच्याजवळ आहे ते सारे आपलेच. वेगळे असे तेथे काही नाही. दुसरे मत असे की, ते सारे परके आहे आणि आपला त्याच्याशी संबंध नाही. गंमत अशी की हे दुसरे मत तेथल्याही अनेक कर्त्या मंडळींचे होते. काकांनी एका वाक्यात पहिल्या मताचा मान राखला आणि दुसऱ्याचा निकाल लावला. पण पहिल्या मतालाही उत्तर दिले पाहिजे.

तेथे वेगळे असे पुष्कळ आहे. मेहदी हसन राजस्थानात जन्मले, पण गझलेतल्या एका शब्दाभोवती रागाचे सबंध घर बांधण्याची त्यांची कला पाकिस्तानात वाढली आणि तेथूनच ती आपण घेतली. आपल्याकडचे गझल गाणारे त्यांचे ऋण मोकळेपणी मानतात. शामचौरासीचे नजाकत अली-सलामत अली आणि पतियाळ्याचे अमानत अली-फतेह अली या जोड्यांनी ख्यालाला दोन गळ्यांचा संवाद केले. सिंधमध्ये भिटशाह येथे शाह अब्दुल लतीफ यांच्या दर्ग्यात फकीर मंडळी दंबुरा छेडीत, उंच, जवळजवळ बायकी सुरात त्यांची काव्ये गातात. अठराव्या शतकातली ही रीत अजून मोडलेली नाही. सेहवानला लाल शाहबाज कलंदरांच्या दर्ग्यात नगाऱ्यावर धमाल चालते. चैत्रात सासनकाठ्या नाचवीत, हलगीच्या कडकडाटात, गुलालाने न्हालेली माणसे ‘चांगभलं’च्या गजरात आमचा डोंगर चढतात ती ज्याने पाहिली आहेत, त्याला धमाल म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. देव वेगळा, शब्द वेगळे. अंगात येणारे ते वारे मात्र ओळखीचे. तरीही भिटशाह म्हणजे जोतिबा नव्हे. ओळख पटणे वेगळे आणि मालकी सांगणे वेगळे.

आता कडू भाग. १९४७ मध्ये लाहोरचे हिंदू आणि शीख रसिक, त्यांच्या हवेल्या, त्यांच्या बैठका एका पावसाळ्यात नाहीशा झाल्या. संस्थाने गेली, आश्रयदाते गेले. बडे गुलाम अलीखां कसूरचे. ते काही वर्षे तेथे राहिले आणि परत आले. भारताचे नागरिक होऊन त्यांनी १९६८ मध्ये हैदराबादेत देह ठेवला. त्यांचे भाऊ बरकत अली लाहोरातच राहिले. एका आईची दोन मुले दोन देशांची झाली. राज्यकर्त्यांना गाण्याचे काय करावे हे कळेना. एक देश, एक धर्म, एक भाषा या साच्यात सर्वांना बसवण्याचा हट्ट पूर्वेकडे १९५२ मध्ये बंगाली तरुणांच्या रक्ताने माखला आणि १९७१ मध्ये त्या हट्टापायी निम्म्याहून अधिक लोकवस्तीचा भाग गमवावा लागला. झिया-उल-हक यांच्या अमदानीत नृत्याला व्यासपीठ मिळेनासे झाले. कव्वालीचे गायक अमजद साबरी यांना २०१६ मध्ये कराचीत भररस्त्यात गोळ्या घातल्या. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत सेहवानच्या दर्ग्यातच बाँब फुटला आणि ऐंशीहून अधिक भाविक गेले.

हे सारे ठाऊक असताना त्या देशाच्या संस्कृतीचा गौरव कसला करता, असा प्रश्न मला विचारला जातो. आमचा जिल्हा सैनिकांचा जिल्हा आहे. पलुसकरांचे कुरुंदवाड ज्या शिरोळ तालुक्यात, त्याच तालुक्यात सैनिक टाकळी आहे. घरोघरी फौजेत गेलेली माणसे असलेले गाव. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला निरपराध प्रवासी मारले गेले, त्यांत महाराष्ट्रातलेही होते. मे महिन्यात दोन्ही देशांत लढाई पेटली आणि पाकिस्तानातली गाणी आणि मालिका आपल्याकडे दाखवू नयेत असे सांगण्यात आले. ज्यांच्या घरचा माणूस सीमेवर आहे त्यांना मी कोणत्या तोंडाने म्हणू की, बसा, लाहोरचा ख्याल ऐका?

म्हणणार नाही. ज्याचे दुःख ताजे आहे त्याला गाणे ऐकवू नये, हा साधा शेजारधर्म आहे. पण टीकाकाराचे काम निराळे आहे. मारेकरी कोण आणि गाणारा कोण हे वेगळे सांगणे, हे त्याचे काम. साबरींना मारणारे हात आणि पहलगामला उठलेले हात यांची जात एकच आहे. साबरींचा गळा त्या हातांच्या बाजूला मोडत नाही, त्यांच्या बळींच्या बाजूला मोडतो. पाकिस्तानातल्या गाण्याचा कैवार घेतला म्हणजे त्या हातांचा कैवार घेतला असे मानणे, हा त्या हातांना दिलेला फुकटचा मान आहे. आजवर तेथल्या गवयांनी त्यांना हा मान दिलेला नाही.

माझी आशा त्याच्यावरच उभी आहे. झियांच्या राज्यात, १९८६ मध्ये, इक्बाल बानूंनी लाहोरात फैज अहमद फैज यांची एक नज्म गायिली. चाल साधी, आवाज वयाने थोडा जड झालेला. पण त्या ध्वनिमुद्रणात श्रोत्यांच्या टाळ्या आणि घोषणा गाण्यावर चढून येतात, आणि बाई त्यांना वाट करून देतात, थांबतात, पुन्हा सूर धरतात. मैफलीचे नाटक न करता सबंध सभागृहाला आपल्या लयीत बांधून ठेवणे म्हणजे काय, ते तेथे ऐकावे. कलेच्या कसोटीवरही ती चीज मी वरच्या रांगेत बसवतो. आणि सेहवानला बाँब फुटला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे दर्ग्याची घंटा नेहमीप्रमाणे वाजली, आणि भाविक पुन्हा धमालीला उभे राहिले. ज्या देशात असे लोक आहेत त्याचे भवितव्य केवळ त्याच्या सेनापतींच्या हाती आहे असे मी मानीत नाही.

संस्थांचेही थोडे बळ आहे. हयात अहमदखां आणि त्यांच्या सोबत्यांनी १९५९ मध्ये लाहोरात अखिल पाकिस्तान संगीत परिषद काढली. सरकारे आली, गेली; परिषद टिकली. ख्वाजा खुर्शीद अन्वर यांनी फैज यांच्या प्रोत्साहनाने तेथल्या घराण्यांची गायकी ध्वनिमुद्रित करून ठेवली, तेव्हा अनेक म्हातारे गवई अजून गळा शाबूत ठेवून होते. एवढ्या दूरदृष्टीचे काम आपल्याकडेही थोडेच झाले आहे. ग्वाल्हेर घराण्याचे गुलाम हसन शग्गन २०१५ पर्यंत लाहोरात होते; म्हणजे शिंद्यांच्या दरबारातले गाणे एकविसाव्या शतकातही रावीकाठी नांदत होते. कराचीत २००५ पासून झिया मोहिउद्दीन यांनी उभारलेली नाट्य-संगीताची अकादमी चालू आहे.

नव्या पिढीच्या गाण्यांकडे आमच्या वयाचे लोक नाक मुरडतात. ‘कोक स्टुडिओ’ २००८ मध्ये तेथे सुरू झाला आणि २०२२ मध्ये अली सेठींचे ‘पसूरी’ डोंगराच्या पायथ्याशी कॉलेजात जाणारी आमची पोरेही गुणगुणू लागली. माझी तक्रार एवढीच की, पाच मिनिटांच्या चौकटीत आलापाला बसायला पाट मिळत नाही. वाद्यांच्या गर्दीत तंबोरा दिसेनासा होतो. पण हेच अली सेठी कराचीच्या उस्ताद नसीरुद्दीन सामींसमोर बसून शिकले आहेत, आणि हे सामी स्वरास्वरांतली सूक्ष्म अंतरे गळ्यातून वेगळी काढून दाखवतात. करीमखांसाहेबांनीही एके काळी आपल्याकडच्या विद्वानांपुढे श्रुती गाऊन दाखवल्या होत्या. चटपटीत गाण्याच्या मागे अशी तालीम उभी असेल, तर त्या चटपटीतपणाला मी क्षमा करतो.

एक गोष्ट मात्र तेथे व्हावयाची राहिली आहे. घराण्याची विद्या बहुतांशी त्या त्या कुटुंबांतच राहिली. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरात जे दार उघडले ते पुढे पुरतेपणी उघडे राहिले नाही. रोशन आरा बेगम यांच्यासारखी बाई सामान्य घरातून पुन्हा निपजायची, तर शिंप्याच्या, शिक्षकाच्या, रेल्वे कामगाराच्या मुलीला तंबोऱ्यापाशी निर्धास्तपणे बसता आले पाहिजे. पाकिस्तानच्या भवितव्याविषयी मला कोणी विचारले, तर मी त्याची तिजोरी किंवा तोफा मोजणार नाही. लालामुसाच्या एखाद्या घरी संध्याकाळी एखादी मुलगी केदाराचा मध्यम लावीत बसली आहे आणि शेजारीपाजारी तिला कुणी गप्प कर म्हणत नाही, एवढे घडले तर तो देश सुखी होईल, आणि त्याचे शेजारीही.

आपल्याकडे मिरजेच्या उरुसात दरसाल गवई येतात, जागर करतात. त्यांत एके वर्षी लाहोरचा तंबोराही जुळलेला ऐकावा, अशी माझी इच्छा आहे. ती पुरी होण्यासाठी पुष्कळ गोष्टी आधी घडाव्या लागतील, आणि त्यांतल्या काही आपल्या हातच्या नाहीत. तोवर वाचकहो, लाडू-चकल्या आटोपल्यावर घरातली मंडळी जमली असतील, तर रोशन आरा बेगम यांचा केदार लावा. मुलांना ती बाई कुठली हे लगेच सांगू नका. आधी ऐकू द्या.